शार्कचे दात लागलेला डोम: जळगावात केलेल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

ग्राहकाला विचारूनच लिहितोय. नाव, नेमकं गाव, तो कुणाकडे काम करतो ते सगळं काढून टाकलंय, आणि कॅमेरा-हाउसिंगचा, म्हणजे पाण्याखाली कॅमेरा ठेवायच्या बंद पेटीचा, मेक सांगत नाही कारण त्याने गोष्टीत काही फरक पडत नाही.

पार्श्वभूमी

माझं काम कॅमेरा रिपेअरिंगचं, जळगावात. बहुतेक गिऱ्हाईक लग्नवाले, म्हणजे वरातीत पडलेल्या बॉड्या, झूम रिंगमध्ये गेलेली हळद, पावसात भिजलेले फ्लॅश असला माल. समुद्र इथून सुरतेच्या बाजूने धरला तरी तीनेकशे किलोमीटर. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत एक पोरगा वडिलांना घेऊन दुकानात आला आणि टेबलावर फुटबॉलच्या अर्ध्यासारखा अ‍ॅक्रिलिकचा डोम, म्हणजे हाउसिंगच्या पुढे लेन्ससमोर बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा घुमट, ठेवून म्हणाला "काका, याला शार्कने चावलंय", तेव्हा शेजारच्या मोबाईलवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे बघायला जमले.

पोरगा भुसावळकडचा, वडील रेल्वेतून रिटायर. तो स्वतः मालदीवमध्ये डाइव्ह इन्स्ट्रक्टर आहे, अगदी दक्षिणेला फुवाहमुला नावाचं बेट आहे तिथे. तिथल्या बंदरात मच्छीमार मासे साफ करून उरलेलं पाण्यात टाकतात, त्या वासाने टायगर शार्क येतात आणि त्या बघायला जगभरातून लोक येतात. मालदीवमध्ये २०१० ला शार्क मारायला बंदी आली त्यामुळे जिवंत शार्कवरच लोकांचं पोट चालतं. याचं काम टुरिस्टांना खाली नेणं आणि शार्कसोबतचे त्यांचे फोटो काढून देणं. त्यात अर्धा फ्रेम पाण्याखाली आणि अर्धा वर, आकाश-बोट दिसतेय असे फोटो लोकांना फार आवडतात. डोम लागतो तो त्यासाठी.

झालं असं की एक मोठी मादी सरळ कॅमेऱ्यावर आली आणि डोम तोंडात धरला. शार्कच्या नाकाजवळ बारीक छिद्रं असतात, त्यातून तिला पाण्यातले अगदी क्षीण विजेचे प्रवाह कळतात, आणि खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र असले की तिथे असा प्रवाह थोडाफार असतोच, वरून स्ट्रोबची, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशची, इलेक्ट्रॉनिक्स. त्यामुळे कॅमेऱ्याचं तिला कुतूहल वाटणं नवीन नाही. पोराने हँडल सोडून दिलं, जे बरोबरच केलं. तिने दोन-चार सेकंदांत थुंकल्यासारखं सोडलं, आणि कॅमेरा दोरीला लटकून जोडीदाराच्या सिलेंडरवर आदळला. कॅमेरा कोरडा राहिला, पुढचे काही डाइव्हपण त्याच सेटने झाले. तक्रार एवढीच की सूर्य समोर असला की फोटोत पांढरे पट्टे येतात आणि वर-खाली वाले फोटो तर वापरण्यासारखे राहिलेच नाहीत.

वडिलांनी किंमत विचारली. नवीन डोम ४० हजारांच्या वर आणि तोही बाहेरून मागवावा लागणार, हे ऐकून ते म्हणाले, "याच्यात तर दुभती म्हैस आली असती भो."

नेमकी अडचण

पॉलिश कसं करायचं हा प्रश्न नंतरचा. ओरखडे कुठे आहेत, कशाने झालेत आणि त्यातला कोणता नुसता दिसायला वाईट आहे आणि कोणता कॅमेरा बुडवणार आहे हे आधी बघायला लागतं. डोम कोमट पाण्यात लिक्विड सोपचा थेंब टाकून भिजत ठेवला, कारण कोरडं मीठ अंगावर असताना पुसायला गेलं की आपणच नवीन ओरखडे काढतो. मग लाइट बंद करून बारीक टॉर्च कडेने मारला.

दिसले ते असे. पुढच्या बाजूला वरती जवळजवळ समांतर असे तीन खोल चरे, प्रत्येकाच्या बाजूला अगदी बारीक रेघा. टायगर शार्कच्या दाताला करवतीसारखी धार असते, त्याचीच ती सही. त्याच्या खाली तळहाताएवढा पांढुरका धुरकट पट्टा, तो बहुतेक कातडीचा. शार्कच्या अंगावर दातांसारखेच कडक बारीक खवले असतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. पूर्वी सुतार लोक खरंच शार्कची कातडी लाकूड घासायला वापरायचे. अ‍ॅक्रिलिक त्यापुढे फारच मऊ.

पण हे सगळं मिळून डोमचा एक कोपरा झाला. उरलेल्या सगळ्या डोमवर बारीक, गोलगोल, जाळ्यासारख्या असंख्य रेघा होत्या. पोराला विचारलं, डाइव्हनंतर कशाने पुसतोस? म्हणे टी-शर्टने, घाई असली की गमछाने. म्हणजे बोटीवर वाळलेलं मीठ आणि त्यावर सुती कापड. सूर्य समोर असताना जे पांढरट येत होतं त्यातला मोठा वाटा या रेघांचा होता, शार्कचा कमी. एकदा सॅनिटायझरनेपण पुसलं होतं, ते ऐकून मला जास्त टेन्शन आलं, कारण अल्कोहोल, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, थिनर, अ‍ॅसिटोन यातलं काहीही ताण असलेल्या अ‍ॅक्रिलिकला लागलं की आतल्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडू शकतात.

आतल्या बाजूला एक छोटा अर्धगोल ओरखडा होता. पोर्ट, म्हणजे रिंगसकट डोम, तिरका बसवताना लेन्स हुडची पाकळी घासली असणार. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगला, म्हणजे डोम हाउसिंगला बसतो तिथल्या ओठावर, सिलेंडरवर आदळल्याची एक ठोकर.

आता हे महत्त्वाचं आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्रकाश किती वाकतो ते दोन माध्यमांमधल्या फरकावर असतं. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, अ‍ॅक्रिलिकचा १.४९. बाहेरच्या ओरखड्यात पाणी भरलं की फरक ०.४९ वरून ०.१६ वर येतो, साधारण एक तृतीयांश, म्हणून पाण्याखाली बाहेरचे ओरखडे जवळजवळ गायब होतात. आतल्या बाजूला मात्र कायम हवाच असते, तो ओरखडा वर आणि खाली सारखाच दिसणार. दुकानामागच्या पिंपात डोम तोंडापर्यंत बुडवून टॉर्च मारून पोराला दाखवलं, बाहेरची सगळी जाळी विरघळल्यासारखी झाली, दाताचे चरे फिकट उरले आणि आतला तो एवढासा अर्धगोल तसाच लखलखत होता. वडीलपण वाकून बघत होते, म्हणाले, "आते काय करानं मग?"

चरा की तडा

पहिला निर्णयाचा टप्पा हा होता, आणि इथे उत्तर वेगळं आलं असतं तर मी डोम परत दिला असता.

डोम आठ इंची, म्हणजे व्यास २० सेंटीमीटर. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब वाढतो. गणित केलं तर १० मीटरवर या डोमला मागे ढकलणारा जोर ३०० किलोच्या वर जातो आणि ३० मीटरवर ९०० किलोच्या वर. चऱ्याने फोटो खराब होतो. तड्याने डोम फुटतो आणि दोन-अडीच लाखाचा कॅमेरा जातो.

तडा ओळखायची साधी पद्धत म्हणजे कडेने टॉर्च मारायचा आणि डोम हळूहळू फिरवायचा. तडा असेल तर एका ठराविक कोनात तो चांदीच्या वर्खासारखा चमकतो कारण आत एक सपाट पृष्ठभाग तयार झालेला असतो, नुसता चरा असेल तर कुठूनही बघा मंद रेघच दिसते. तिन्ही चऱ्यांच्या टोकांना भिंग लावून बघितलं, चमक नव्हती. दुसरी तपासणी फोटोवाल्यांच्या घरचीच आहे: लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावायची, डोम त्याच्यासमोर धरायचा आणि सीपीएल म्हणजे पोलरायझिंग फिल्टरमधून फिरवत बघायचं, प्लास्टिकमध्ये ताण असेल तिथे रंगीत पट्टे दिसतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये हे पट्टे फिकट असतात, त्यामुळे एकट्या यावर मी भरवसा ठेवत नाही, पण चऱ्यांजवळ काही जमा झालेलं दिसलं नाही. सॅनिटायझरची जाळीपण नव्हती, नशीब.

खोली मोजायला पोरांच्या खेळायची क्ले वापरली. चऱ्यावर दाबून काढली की उलटा ठसा उठतो, तो उभा कापून भिंगाखाली पट्टीशी धरला. सगळ्यात खोल चरा अर्ध्या मिलीमीटरच्या आत होता, डोमची जाडी कडेला व्हर्नियरने पाच मिलीमीटर. म्हणजे चरा आहे आणि डोम वापरण्यासारखा आहे, पण पाण्यात किती खोल न्यायचा याची मर्यादा घालून.

पर्याय

नवीन डोम घेणं हा सगळ्यात स्वच्छ पर्याय, पण पोराला दिवाळीआधी परत जायचं होतं आणि कस्टममध्ये पार्सल किती अडकेल याचा भरवसा नाही. शिवाय रिंगला ठोकर आहे तर नुसता डोम बदलून भागणार होतं का हेही तेव्हा माहीत नव्हतं.

काहीच न करणं. हा पर्याय लोक विसरतात. तो फक्त पाण्याखालचे फोटो काढत असता तर मी बाहेरच्या बाजूला हातच लावला नसता, आतला ओरखडा तेवढा काढून दिला असता. पण वर-खाली वाल्या फोटोत डोमचा वरचा भाग हवेत असतो आणि दाताचे चरे नेमके वरच्याच भागात होते.

बफ मशीन. जळगाव सोन्याचं गाव, सराफ बाजारात पॉलिशवाले पायलीला पन्नास. ओळखीच्या एकाने बघूनच सांगितलं की पाच मिनिटांचं काम आहे, ठेवून जा. मला शंका होती म्हणून बोर्ड बनवणाऱ्या मित्राकडून अ‍ॅक्रिलिकचा कटपीस आणला, कानसीने चरे मारले आणि आधी त्यावर करायला सांगितलं. चमक आली, भारीच आली, पण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं तर लाटा. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फिरतं बफ एका जागी टेकलं की तेवढी उष्णता सहज होते. सोनं ती सहन करतं. बोर्डवाल्या मित्राचं म्हणणं होतं की कडा चमकवायला ते जशी गॅसची ज्योत फिरवतात तशी फिरवू, चरा आपोआप भरेल. अक्षरांच्या कडेला ते ठीक आहे, पण ज्योतीने वरच्या थरात ताण बसतो आणि पुढे त्याच ताणातून भेगा निघतात, दाब सोसायच्या वस्तूवर ते नकोच. टूथपेस्ट लावून बघा असं चहावाल्याने सांगितलं होतं, त्याचाही इथे उल्लेख करतो म्हणजे कोणी राहायला नको.

उरला हाताने ओला पॉलिश पेपर. वेळखाऊ, कंटाळवाणा, पण कधीही थांबता येतं. मला तो जास्त पटला तो याच कारणासाठी.

आधी सील, मग चमक

रिंगची ठोकर बोटाला लागत नव्हती. कापूस घेतला, सैल पिंजला आणि ओठावरून गोल फिरवला. एका जागी दोन-तीन तंतू अडकून राहिले. तिथे भिंगाखाली बघितलं तर केसाएवढी बर, म्हणजे धातूची उठलेली धार, उभी राहिलेली, आणि ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, बोटांत दाबून फिरवत बघितली तर तिच्यावर त्याच मापाचा बारीक काप. म्हणजे पोर्ट बसवताना दर वेळी ही बर ओ-रिंगला थोडं थोडं कापत होती. पोराचा चेहरा दाताचे चरे बघून उतरला नव्हता तेवढा हे बघून उतरला, कारण या कापासकट तो कितीतरी वेळा खाली गेला होता.

इथे दुसरा टप्पा: किती घासायचं. ओ-रिंग जिथे बसून सील करते ती बैठक मी शिवली नाही, तिथे पेपर मारला की दरी होते आणि पाण्याला तेवढी दरी पुरते. बर फक्त वरच्या ओठावर होती, जिथून रिंग सरकते. तेवढीच २००० च्या पॉलिश पेपरच्या (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) घडीने ओली करून काढली, परत कापूस फिरवला, परत एकदा थोडी काढली, तंतू अडकायचे थांबले तेव्हा थांबलो. ठोकरीच्या जागी अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे गंज अडवणारा, थर उडून कोरं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं होतं, खाऱ्या पाण्यात आणि स्टीलच्या स्क्रूच्या शेजारी ते आधी गंजतं, पांढरी पूड येते. बाहेरच्या भागाला रंगाचा पातळ हात दिला, सीलच्या जागेपासून लांब.

ओ-रिंग बदलायचीच होती. आता जळगाव म्हणजे ठिबकचं आणि पंपांचं गाव, ओ-रिंगा किलोवर मिळतात, वडील तर म्हणाले मी आत्ता घेऊन येतो. मापाला बसणारी मिळालीपण असती. पण जाडीतला थोडासा फरक, रबराचा कडकपणा, ते सिलिकॉन आहे की नायट्राइल, हे त्या दुकानात कोणी सांगू शकत नाही, आणि ठिबकच्या फिल्टरची रिंग गळाली तर केळीला दोन थेंब जास्त मिळतात एवढंच. पोराच्या किटमध्ये कंपनीची स्पेअर होती, ती लावली, ग्रीसपण त्याच कंपनीचं. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉनचंच ग्रीस लावलं की काही रिंगा फुगतात, म्हणून ग्रीस बदलायच्या भानगडीत पडू नये.

मग व्हॅक्यूम. हाउसिंगला व्हॉल्व्ह होता, हातपंपाने आतली हवा थोडी ओढली आणि रात्रभर ठेवलं. सकाळी काट्यावर फरक दिसला की घाबरायचं नाही, आधी तापमान बघायचं, रात्री दहा अंशांनी उतरलं तर आतला दाब तीन टक्क्यांनी तसाच बदलतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, खोली तेवढीच गरम असताना परत वाचलं. हललं नव्हतं.

घासकाम

डोमच्या आत कागदी टेपचे तुकडे लावून बाहेरच्या चऱ्यांच्या जागा खुणावल्या. मार्कर नाही, शाईत सॉल्व्हंट असतं. पंखा बंद, कारण शहरातल्या रस्त्यांची धूळ पंख्याच्या वाऱ्याने येऊन पेपरखाली गेली की एका कणाने मागचा सगळा हात वाया जातो. पाणी जारचं.

नख अडकतं तिथे १००० पासून, बाकी जाळीला २००० पासून. नियम एकच, एका नंबरला एका दिशेने घासायचं आणि पुढच्या नंबरला आडवं, म्हणजे मागच्या रेघा शिल्लक आहेत का ते लगेच दिसतं. नंबर बदलला की बादली, कापड, हात सगळं धुवायचं. पहिल्या नंबरनंतर डोम दुधाच्या कपासारखा पांढरा झाला आणि पोरगा म्हणाला, "काका, हा परत आरपार होईल ना नक्की?" मी वरून पाणी ओतलं, झाला आरपार. ओला असताना खोटं दिसतं, खरं कळतं ते वाळवल्यावर, म्हणून दर नंबरनंतर वाळवून ट्यूबखाली धरायचा.

आता तिसरा टप्पा, आणि याच्यावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. दाताचे चरे पूर्ण काढायचे का? अर्धा मिलीमीटरचा चरा तळापर्यंत काढायचा तर आजूबाजूचं सगळं तेवढंच खाली न्यावं लागतं, नाहीतर तिथे खळगा होतो आणि खळगा म्हणजे एक छोटं वाकडं भिंगच. तेवढं मटेरियल हाताने सारखं काढणं मला जमणारं नव्हतं आणि दाब सोसणाऱ्या डोमवर ते करणं पटतही नव्हतं. पोराचं म्हणणं, एवढं केलंय तर पूर्णच करा. वडील माझ्या बाजूने. शेवटी ठरलं की चऱ्याच्या दोन्ही बाजूंना उठलेल्या कडा सपाट करायच्या, काठ गोल करायचे, म्हणजे प्रकाश पकडणारी धार जाईल आणि पाण्यात गेल्यावर तिथे हवेचा बुडबुडा अडकून बसणार नाही, आणि तळ तसाच ठेवायचा. घासताना चऱ्यावरच न घासता तीन-चार बोटं लांबपर्यंत हात न्यायचा. दर थोड्या वेळाने ट्यूबचं प्रतिबिंब डोमवरून सरकवून बघायचो, ते एकसारखं वळत गेलं पाहिजे, मध्येच थरथरलं की त्या जागेला हात लावायचा नाही.

१५००, २०००, ३००० हे कार पेंटवाल्यांकडे मिळालं. त्याच्या पुढे कापडाच्या पाठीचे मायक्रोमेश नावाचे अगदी बारीक पेपर, शेवटचा १२००० चा, ते ऑनलाइन मागवले. मग प्लास्टिक पॉलिश आणि नवीन मायक्रोफायबर.

आतल्या अर्धगोलाला पेपर लावलाच नाही. नख अडकत नव्हतं, आणि आत हवा असल्याने पेपरची एखादी रेघ राहिली तर ती बाहेरच्यापेक्षा जास्त दिसणार. बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून नुसतं पॉलिश, हलक्या हाताने, गेला. डोमच्या खोलगट बाजूला हात वळत नाही, मनगट भरून येतं, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विहिरीतली चाचणी

व्हॅक्यूमने सील कळतं, ताकद कळत नाही. हातपंपाने जेवढी हवा ओढली तो दाब म्हणजे पाण्याच्या जेमतेम दोन मीटर खोलीएवढा. प्रेशर टँक इथे कुठे आणणार. पोराच्या मामांची यावलकडे केळीची बाग, विहीर पावसाने चांगली भरलेली, दोराला दगड बांधून मोजली तर दहा मीटरच्या थोडं वर पाणी. त्याचं शार्कचं बरंचसं काम त्याच खोलीला असतं, म्हणून ठरवलं.

कॅमेरा काढून ठेवला. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर पसरला, बंद केलं, व्हॅक्यूम मारला. भाजीचं प्लास्टिकचं कॅरेट घेतलं, आतून फोम, त्यात हाउसिंग बांधलं आणि खाली वजनकाट्याची लोखंडी वजनं, कारण आत हवा भरलेली असली की हे प्रकरण तरंगतं, आधी अंदाजाने टाकलेली वजनं कमी पडली आणि कॅरेट बदकासारखं वर फिरत राहिलं. मामांनी मोटर बंद केली, कोणीतरी म्हणालं शार्क सोडा खाली म्हणजे खरी टेस्ट होईल. दोर हळूहळू सोडला, विहिरीच्या दगडी बांधकामावर आपटू नये म्हणून पोरगा कडेला झोपून दोर मध्ये धरून होता. तळाशी अर्धा तास ठेवलं, वर काढलं, परत सोडलं. शेवटी उघडलं तेव्हा टिश्यू कोरडा, चऱ्यांच्या टोकांना परत टॉर्च मारला तर नवीन चमक नाही.

निकाल

पोरगा परत गेला आणि महिनाभराने फोटो पाठवले. पाण्याखाली सूर्य समोर धरूनसुद्धा स्वच्छ. वर-खाली वाल्या फोटोत, आकाश वरच्या भागात आणि छिद्र बारीक म्हणजे एफ १६ च्या आसपास असलं, तर जिथे सगळ्यात खोल चरा होता तिथे हलका मऊ डाग येतो. एफ ८ ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, जवळजवळ कळत नाही, पण डोममुळे लेन्सला दूरचं दृश्यसुद्धा हातभर अंतरावरच असल्यासारखं दिसतं आणि कडा शार्प ठेवायला छिद्र बारीकच करावं लागतं, त्यामुळे ही तडजोड त्याला रोजच करावी लागतेय. पोर्ट थोडा फिरवून बसवता आला असता तर चरा खाली गेला असता, पण याच्या डोमला हूडच्या पाकळ्या पक्क्या असल्याने ते जमत नाही.

सीझनच्या शेवटी त्याने नवीन डोम घेतला, वर-खाली वाल्या कामासाठी. जुना शार्कच्या डाइव्हला वापरतो. सील अजून धरून आहे, ठोकरीच्या जागी पांढरी पूड आली का ते दर महिन्याला बघतो म्हणे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट पोराच्या हातातली होती. डाइव्ह संपला की डोम ओला असतानाच गोड्या पाण्याच्या बादलीत, आणि बादली नसेल तर ओलं टॉवेल टाकून ठेवायचं, मीठ वाळूच द्यायचं नाही. पुसायचं झालं तर मायक्रोफायबरने, दाबून टिपायचं, घासायचं नाही. डोमचं निओप्रीनचं कव्हर बोटीवर चढेपर्यंत लावून ठेवता येतं, आणि ते त्याच्याकडे होतंच, बॅगेत. एवढं केलं असतं तर माझं अर्ध्याच्या वरचं घासकाम वाचलं असतं.

आदळल्यानंतर लगेच तो परत पाण्यात गेला, तिथे थांबायला हवं होतं. कॅमेरा कोरडा आहे म्हणजे सील चांगलं आहे असं नसतं. कापूस फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात आणि कापूस कोणत्याही बेटावर मिळतो.

विहिरीची चाचणी घासायच्या आधीच एकदा करून घ्यायची का, यावर मी अजून विचार करतो. फायदा असा की डोम कच्चा असेल तर घासण्याची मेहनत वाचते. पण घासताना जाडी थोडी का होईना कमी होते, म्हणजे नंतर परत करावीच लागणार, आणि दर वेळी यावलला जाऊन मामांची मोटर बंद करायची. विहीर जवळ असती तर दोनदा केली असती.

खोलीची मर्यादा मी बिलावरच लिहून दिली, १० मीटर, कारण तेवढीच तपासली होती. पोराने नंतर एकदा विचारलं की वीसला नेला तर चालेल का. चालेलही, पण मी लिहिणार नाही असं सांगितलं. त्याच्या तिथल्या एका मित्राने मग आपला डोम पाठवायची तयारी केली, तोही शार्कनेच घासलेला. फोटो मागवला तर तो काचेचा निघाला, कोटिंगवाला. त्याला पेपर लावला की कोटिंग जातं आणि काच हाताने घासून परत तशी होत नाही, म्हणून तो घेतला नाही, कंपनीकडेच पाठव म्हटलं.